जीएनएमनंतर पुढे काय शिकावे? नोकरीचे पहिले वर्ष संपत आलेल्या परिचारिकेस उत्तर

सांगली जिल्ह्यातील एका २३ वर्षांच्या परिचारिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे परिचर्येची पदविका) पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी केली असून गेले ११ महिने त्या १२० खाटांच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करीत आहेत. पगार १४ हजार रुपये आहे. रात्रपाळीत दोघींवर मिळून नऊ रुग्ण असतात. वडील कर्ज काढून त्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला (जीएनएमनंतर घ्यायच्या परिचर्येच्या पदवीला) घालायला तयार आहेत, आणि एका महाविद्यालयाने ‘नोकरी सोडू नका, फक्त परीक्षेला या’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. सोबतची मैत्रीण एम्सच्या नोकरभरती परीक्षेचा अभ्यास करते, एक एजंट जर्मनीचे स्वप्न दाखवतो, आणि ‘एम.एस्सी. करून शिक्षिका हो, रात्रपाळी सुटेल’ असे नातेवाईक सांगतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “मला हे काम जमते की नाही हेच आता कळेनासे झाले आहे, मग पुढचे शिक्षण तरी कशाचे घेऊ?”

मी तुमच्या याच शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत. काम न जमणे आणि कामाचा भार न झेपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु पहिल्या वर्षात त्या एकमेकींत इतक्या मिसळून जातात की आपल्या आपल्याला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी. अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक असे प्रमाण आहे. तुमच्याकडे दोघींवर नऊ रुग्ण आहेत. म्हणजे साध्या वॉर्डासाठी ठरवलेला भार तुम्ही व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन पंप लावलेल्या रुग्णांच्या बाबतीत उचलत आहात. अशा रात्रीनंतर घरी गेल्यावर ‘चौथ्या खाटेवरच्या आजोबांची कूस बदलली होती ना?’ असा विचार मनात येऊन झोप उडते, हे तुम्ही लिहिले आहे. ज्या परिचारिकेला काम जमत नाही तिला हा प्रश्न पडत नाही.

१९९६ साली जीएनएम झाल्यावर मी जिथे पहिली नोकरी केली तिथेही हीच अवस्था होती. आठव्या महिन्यात मी घरी सांगून टाकले होते की हे काम माझ्याच्याने होणार नाही. माझ्या एका वरिष्ठ सिस्टरांनी मला व्यवसाय न सोडता रुग्णालय बदलायला लावले. नव्या ठिकाणी रुग्णसंख्या आणि परिचारिका यांचे प्रमाण बरे होते, चुकले तर शेजारी उभे राहून दाखवणारे कुणीतरी होते, आणि तीन महिन्यांत माझी धास्ती ओसरली. त्यानंतर १५ वर्षे मी नवजात शिशू अतिदक्षता विभागात काढली, नोकरी करतच पदवी घेतली, आणि वयाच्या ३८ व्या वर्षी बालरोग परिचर्येत एम.एस्सी. केले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, थकव्याच्या भरात घेतलेला शिक्षणाचा निर्णय बहुतेक वेळा शिक्षणासाठी नसतो, पळून जाण्यासाठी असतो. अशा रीतीने एम.एस्सी.ला गेलेल्या आणि दोन वर्षांनी पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन उभ्या राहिलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत.

म्हणून तुमचा पहिला निर्णय अभ्यासक्रमाचा नसून जागेचा आहे. वर्ष पूर्ण होताच दुसऱ्या रुग्णालयांत मुलाखती द्यायला सुरुवात करा. मिरज, कोल्हापूर आणि पुणे तुमच्यापासून फार लांब नाहीत. मुलाखतीत पगाराइतकेच महत्त्वाचे प्रश्न वेगळे असतात आणि ते विचारायला संकोच करू नये: रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, नव्या परिचारिकेला किती दिवस अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली ठेवतात, रात्री इन-चार्ज सिस्टर असते का, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का. या प्रश्नांवर मेट्रन (रुग्णालयाच्या प्रमुख परिचारिका) चिडल्या तर तेही एक उत्तरच आहे. पगाराबाबत तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत, आणि १०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयातील पगार राज्य सरकारच्या परिचारिकेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावा. ही शिफारस सगळीकडे पाळली जात नाही, हे तुमच्या पगारावरूनच दिसते. तरीही पुढच्या ठिकाणी बोलणी करताना आपल्या कामाचे मोल काय ठरवले गेले आहे हे माहीत असावे.

आता कशाचे शिक्षण घ्यावे, या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे मुली आधी पदवी निवडतात आणि मग त्या पदवीत कोणता रुग्ण येतो ते शोधतात. माझा ठाम अनुभव असा आहे की हे उलट व्हायला हवे. कोणत्या प्रकारच्या रुग्णापाशी आणि कोणत्या प्रकारच्या कामात आपले मन टिकते हे आधी कळले, तर अभ्यासक्रम निवडायला फारसा वेळ लागत नाही. आणि ते विद्यार्थिदशेत कळत नाही, कारण त्या काळात प्रत्येक वॉर्डात आपण काही आठवड्यांच्या पाहुण्या असतो. ते कळायला नोंदणीनंतरची साधारण दोन वर्षे रुग्णाच्या खाटेजवळ जावी लागतात.

या दोन वर्षांत स्वतःकडे बारकाईने पाहा. कुणीही सांगितलेले नसताना तुम्ही काय करता, हे त्यातले सर्वात खरे लक्षण आहे. एखादी परिचारिका पाळी संपल्यावरही पाच मिनिटे थांबून ‘या बाईंचे पोटॅशियम एवढे खाली का गेले?’ हे डॉक्टरांना विचारते, मॉनिटरवरची लय बदलली की तिचे पाय आपोआप तिकडे वळतात, व्हेंटिलेटरचे आकडे तिला नुसते लिहून ठेवायचे नसतात तर समजून घ्यायचे असतात. अशा मुलीने अतिदक्षता किंवा हृदयरोग परिचर्येकडे जावे. दुसरी परिचारिका त्याच विभागात तेवढीच चोख काम करते, परंतु तिचे लक्ष दाराबाहेर बसलेल्या मुलाकडे जाते. त्याला वडिलांबद्दल काय आणि किती सांगावे, याचा ती विचार करते. आणि एखाद्या वृद्धाच्या वेदना कमी झाल्या की तिला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. तिची जागा कर्करोग परिचर्या, वेदनाशामक सेवा किंवा मानसिक आरोग्य यांत आहे. काही जणी विद्यार्थिनी वॉर्डात आल्या की त्रासत नाहीत. उलट कॅन्युला कुठल्या कोनात घालावी, ड्रेसिंग ट्रॉली कुठल्या क्रमाने लावावी हे चारदा समजावून सांगतात. उत्तम शिक्षिका त्यांच्यातूनच तयार होतात. आणखी काहींचे डोळे क्रॅश कार्टमधील (तातडीच्या उपचारांच्या गाडीवरील) औषधांच्या मुदतीच्या तारखांवर, हात धुण्याच्या सवयींवर आणि अपुऱ्या भरलेल्या रजिस्टरवर आपोआप पडतात. त्यांना बाकीच्या जणी खोड काढणाऱ्या म्हणतात, परंतु संसर्ग नियंत्रण परिचारिका आणि गुणवत्ता समन्वयक म्हणून त्याच नावारूपाला येतात. एनएबीएच हे गुणवत्तेचे राष्ट्रीय मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना अशा परिचारिकांची गरज असते, आणि या वाटेविषयी आपल्या महाविद्यालयांत फारच कमी बोलले जाते.

असेच कमी बोलले जाणारे एक काम अवयव प्रत्यारोपण समन्वयकाचे आहे. मेंदुमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी अवयवदानाविषयी बोलणे, विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी संपर्क ठेवणे आणि कागदपत्रांची पूर्तता करणे हे त्याचे स्वरूप आहे. २०१४ च्या नियमांनुसार या पदासाठी परिचारिका पात्र ठरते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी केंद्रे आहेत. अतिदक्षता विभागात नातेवाइकांशी नीट बोलू शकणाऱ्या परिचारिकेला हे काम शोभते, आणि सहाव्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीशी तुम्ही बोललात तो तुमच्या पत्रातला प्रसंग वाचताना माझ्या मनात हे आले. आत्ताच ठरवू नका, परंतु ही वाट आहे हे लक्षात असू द्या.

एक लहान वही ठेवा. रोज लिहिण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, त्या आठवड्यातील कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही आणि कोणत्या कामाचा खरा कंटाळा आला, एवढेच लिहा. सहा महिन्यांनी ती वही वाचली की तुमच्या नातेवाइकांपेक्षा आणि माझ्यापेक्षाही ती तुम्हाला अधिक खरे सांगेल.

आता तुमच्यापुढे आलेल्या पर्यायांविषयी लिहिते. ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणाऱ्या महाविद्यालयाला स्पष्ट नकार द्यावा, आणि याबाबत मी कोणतीही पळवाट सुचवणार नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असून त्यात वर्गातील तासांबरोबर प्रात्यक्षिकाचे तासही ठरवून दिलेले असतात. न शिकता मिळालेल्या पदवीच्या बळावर रुग्णाला हात लावणे अयोग्य आहे, हे कारण पुरेसे आहे. परंतु वडिलांना पटवण्यासाठी आणखी एक व्यावहारिक कारण सांगते. त्या दोन वर्षांत तुम्ही रुग्णालयाच्या हजेरीपटावर पूर्णवेळ नोकरीत असाल आणि त्याच तारखांना महाविद्यालयाच्या हजेरीपटावर पूर्णवेळ विद्यार्थिनी असाल. उद्या सरकारी नोकरीत कागदपत्रांची पडताळणी झाली, किंवा परदेशातील नोंदणी संस्थेने प्रत्येक विषयाचे तास आणि नोकरीच्या तारखा मागवल्या, की या दोन नोंदी समोरासमोर येतात. मग पदवी खरी धरावी की अनुभव, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर नसल्यामुळे दोन्ही जातात. माझ्या माहितीतील एका मुलीची निवड होऊनही केवळ यामुळे नोकरी हातची गेली, आणि तिच्या वडिलांनी त्या पदवीसाठी काढलेले कर्ज ती नंतर कित्येक वर्षे फेडत होती.

नोकरी करतच पदवी घ्यायची असेल तर त्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम मुळात सेवेत असलेल्या परिचारिकांसाठीच आखलेला आहे. त्यासाठी जीएनएम, नोंदणी आणि नोंदणीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि किमान तीन वर्षे लागतात. प्रात्यक्षिके ठरवून दिलेल्या केंद्रावर जाऊन करावी लागतात. मी स्वतः याच पद्धतीने, लहान मुलाला सासूबाईंकडे ठेवून आणि सुट्ट्या साठवून, पदवी घेतली. हा मार्ग दमवणारा आहे, तरी त्यातील प्रत्येक कागद खरा असतो. नोकरी थांबवून पूर्णवेळ शिकता येत असेल, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील नियमित अभ्यासक्रम अधिक चांगला, कारण दोन वर्षे सलग वाचायला आणि विचार करायला मिळतात. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. त्याचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे आणि त्या खाटांवर रुग्ण खरोखर असतात का, हे पाहा. दुपारी दोनच्या सुमारास तिथल्या वॉर्डात एक फेरी मारली की सगळे समजते.

पदवी घ्यावी का, याविषयी माझे उत्तर ‘घ्यावी, परंतु आत्ताच नाही’ असे आहे. एम.एस्सी., नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम, अध्यापन आणि पुढे पीएच.डी. या सगळ्यांचे दार पदवीनेच उघडते, त्यामुळे ती आयुष्यात कधीतरी लागणारच. तुमचे वय २३ आहे. दोन वर्षे थांबल्याने काही बिघडत नाही, आणि अनुभव घेऊन वर्गात बसलेल्या मुलीला तेच पुस्तक वेगळे दिसते. आम्लता आणि अल्कता यांचा तक्ता मी जीएनएमला पाठ केला होता, परंतु एका बाळाच्या रक्तातील वायूंचा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांची वाट पाहत उभी राहिले त्या रात्रीनंतरच तो मला समजला.

पदवीच्या आधी किंवा पदवीऐवजीही ज्याचा विचार व्हायला हवा, आणि जो दुर्दैवाने जवळजवळ कुणीच करीत नाही, तो म्हणजे एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. अतिदक्षता, हृदय व वक्षशल्य, कर्करोग, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन सेवा, मूत्रपिंडविकार, मानसिक आरोग्य अशा अनेक शाखांत भारतीय परिचर्या परिषदेने हे अभ्यासक्रम आखलेले आहेत, आणि नोंदणीकृत परिचारिकेला साधारण एक वर्षाच्या अनुभवानंतर त्यांना प्रवेश मिळतो. म्हणजे जीएनएम झालेल्या परिचारिकेलाही तो घेता येतो. या अभ्यासक्रमांत बहुतांश वेळ रुग्णाजवळ जातो, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. कर्करोग परिचर्येसाठी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि मानसिक आरोग्य तसेच मज्जाविकार परिचर्येसाठी बंगळूरुची निमहान्स संस्था ही नावे प्रवेशाच्या जाहिराती निघतात तेव्हा लक्षात ठेवावीत. या डिप्लोमामुळे पगार लगेच दुप्पट होतो असे मी सांगणार नाही. त्याने होते ते असे, की राउंडच्या वेळी तुमचे म्हणणे ऐकले जाते, आणि रात्री तीन वाजता रुग्ण बिघडू लागला की काय होत आहे हे तुम्हाला आकडे घसरण्यापूर्वी कळते. खाटेजवळच राहून मोठे व्हायचे असेल, तर याहून चांगले एक वर्ष मला ठाऊक नाही.

पदवीनंतर त्याच दिशेने पुढे जाणारा दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. त्याचे स्वरूप निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणासारखे, म्हणजे काम करीत शिकण्याचे आहे. त्याला पदवी आणि अनुभव लागतो, तो चालवणाऱ्या संस्था थोड्या आहेत, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी रुग्णालयांत स्वतंत्र पदे अजून पुरेशी तयार झालेली नाहीत. प्रसूतिशास्त्रात मन रमणाऱ्यांसाठी २०१८ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर मिडवाइफरीतील १८ महिन्यांचे प्रशिक्षणही सुरू झाले. तुमच्या पत्रावरून तुमचा ओढा तिकडे दिसत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

एम.एस्सी.बद्दल नातेवाइकांनी दिलेला सल्ला काळजीपोटी दिलेला आहे, परंतु तो अर्धाच खरा आहे. पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव ही पात्रता आहे, आणि शाखा पाच आहेत: वैद्यकीय-शल्य परिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. नियमाने एक वर्ष पुरते, परंतु शिकवण्यासाठी ते पुरत नाही. जी शिक्षिका स्वतः कधी एकटीने वॉर्ड सांभाळलेली नाही, तिला विद्यार्थिनी पहिल्या महिन्यातच ओळखतात, आणि ती मग पुस्तकाच्या आडोशाला राहते. रात्रपाळी सुटावी म्हणून शिक्षिका होऊ नये. विद्यार्थिनींना शिकवल्यावाचून राहवत नसेल, तर मात्र जरूर व्हावे, आणि चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर व्हावे. आपल्या महाविद्यालयांना अशा शिक्षिकांची फार गरज आहे, हे मी अगदी मनापासून सांगते.

सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास मात्र आजपासून सुरू करावा, कारण तो वाया जात नाही. एम्समधील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी असलेल्या नॉर्सेट परीक्षेला जीएनएम झालेल्या उमेदवारास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीधरास ही अट नाही. वयोमर्यादा साधारणपणे ३० वर्षे असून आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत परीक्षा होते. केंद्रात नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे, तर महाराष्ट्र शासनात अधिपरिचारिकेचे ३५,४०० रुपये, भत्ते वेगळे. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि महापालिका यांच्या भरतीत जीएनएम पात्र असते, मात्र जाहिराती नियमित निघत नाहीत, म्हणून तयारी आधी असावी लागते. तुमचे रुग्णालय १२० खाटांचे असल्याने सध्याचे ११ महिने नॉर्सेटच्या अनुभवात धरता येतात. यासाठीच पुढचे रुग्णालयही ५० खाटांपेक्षा मोठे निवडा. केवळ दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून २० खाटांच्या ठिकाणी गेलात, तर तो काळ या परीक्षेसाठी फुकट जाईल. अभ्यासासाठी नोकरी सोडून दोन वर्षे क्लास लावण्याच्या मी विरुद्ध आहे. रोज पाहिलेल्या एका रुग्णाचा आजार संध्याकाळी पुस्तकातून पूर्ण वाचणे, त्याची औषधे, तपासण्या आणि परिचर्या लिहून काढणे, ही पद्धत सावकाश वाटते, परंतु मी शिकवलेल्या मुलींपैकी ज्यांची निवड झाली त्यांतल्या बहुतेकींनी हेच केले होते.

समुदाय आरोग्य अधिकारी या पदाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी एक ओळ लिहिते. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाल्यावर हे पद आले. महाराष्ट्रात त्यावर आयुर्वेद पदवीधरांची मोठी संख्या आहे, नेमणुका कंत्राटी आहेत, आणि परिचारिकांसाठी बी.एस्सी. असणे उपयोगाचे ठरते. गावातच राहून काम करण्याची मनापासून इच्छा असेल तर पदवीनंतर त्याचा विचार करावा.

जर्मनीच्या प्रस्तावाबद्दल. परिचारिकांची तिथे खरी गरज आहे, महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला आहे, त्यामुळे ही संधी खोटी नाही. परंतु पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी जर्मन भाषेची बी-२ (कामकाज सहज करता येईल इतकी) पातळी लागते आणि आपल्या अभ्यासक्रमात जे कमी पडते त्यासाठी तिथे पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. बी-२ पर्यंत पोहोचायला नोकरी सांभाळून वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर तिथे मदतनीस म्हणून काम करावे लागते, आणि वृद्धांच्या दैनंदिन शुश्रूषेचा भाग तिथल्या परिचर्येत मोठा आहे. ते काम हलके नाही, कमी दर्जाचेही नाही, परंतु अतिदक्षता विभागाच्या अपेक्षेने गेलेल्या मुलीला त्याची आधी कल्पना असावी. इंग्लंडसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण, त्यानंतर संगणकावरील परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा असा क्रम आहे. अमेरिकेची एनसीएलईएक्स ही परिचारिकांच्या परवान्याची परीक्षा भारतात देता येते, परंतु ती उत्तीर्ण झाल्यावर भारतीयांना व्हिसासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

एजंटविषयी एवढेच करा: त्याला परवाना क्रमांक विचारा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या एजंटने दोन लाख मागितले आहेत, असे तुम्ही लिहिता. कोणत्याही परिस्थितीत मूळ प्रमाणपत्रे त्याच्या हाती देऊ नका. जर्मनीला जाण्याची इच्छा खरी आहे की या रात्रपाळीतून सुटायची आहे, हे पाहायचे असेल तर तीन महिने जर्मन शिका. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग आहेत आणि ते ऑनलाइनही चालतात. भाषा आवडली तर पुढे जा. नाही आवडली, तर दोन लाखांऐवजी एका वर्गाच्या शुल्कावर तुमचा प्रश्न सुटला.

कागदपत्रांबाबत थोडे सविस्तर सांगते, कारण इथे माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. पहिली नोकरी सोडताना मी अनुभव प्रमाणपत्र मागितले नाही. वर्षभराने गरज पडली तेव्हा त्या रुग्णालयाने ते देण्यास टाळाटाळ केली, आणि माझा तिथला सगळा काळ अर्जात लिहिता आला नाही. तुम्ही रीतसर नोटीस देऊन, तिची पोच घेऊन नोकरी सोडा. अनुभव प्रमाणपत्रावर पदनाम, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, नोकरी पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, विभाग आणि रुग्णालयाच्या एकूण खाटांची संख्या असलीच पाहिजे. खाटांचा आकडा नसल्यामुळे चांगले अर्ज बाद झालेले मी पाहिले आहेत. पगाराच्या पावत्या, बँकेच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवा, कारण प्रमाणपत्रावर शंका आली तर तेच पुरावे उपयोगी पडतात. परिचर्या परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि निरंतर शिक्षणाच्या प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याच फाइलमध्ये लावा.

शेवटी वडिलांविषयी. त्यांनी कर्जाची तयारी दाखवली आहे ती तुमच्यावरच्या प्रेमापोटी, म्हणून त्यांना नुसता नकार कळवू नका. त्यांच्यासमोर बसून हिशोब मांडा. १४ हजारांच्या पगारातून घरखर्च जाऊन हप्ता किती भरता येईल, आणि तो अधिपरिचारिकेच्या पगारातून किती सहज भरता येईल, हे दोन्ही आकडे कागदावर लिहा. पुढे नियमित पदवीला जायची वेळ येईल तेव्हा महाविद्यालयाने सांगितलेले शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काशी ताडून पाहा, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गासाठी कोणती सवलत आहे हे कर्ज काढण्यापूर्वी तपासा. सध्या त्यांना एवढेच सांगा की त्या महाविद्यालयाला आगाऊ रक्कम द्यायची नाही, वर्ष पूर्ण झाले की तुम्ही चांगले रुग्णालय शोधणार आहात, आणि अनुभवाची दोन वर्षे भरली की त्यांच्यासोबत बसूनच पदवीचा किंवा डिप्लोमाचा अर्ज भराल.